आरटीपी मारलं की सर्व्हर अडकतो, नाहीतर माणूस समुद्रात पडतो: तपासायला कुठून घ्यायचं

आरटीपी म्हणजे माइनक्राफ्ट सर्व्हरवर खेळाडूला नकाशात कुठेतरी यादृच्छिक जागी नेऊन टाकणारी कमांड. ती बिघडली तर आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा. "आरटीपी चालत नाही" या एका वाक्यात निदान सात-आठ वेगळे बिघाड लपलेले असतात.

- ॲडमिनला कमांड चालते, बाकीच्यांना "परवानगी नाही" येतं किंवा काहीच होत नाही.
- उलटी मोजणी सुरू होते आणि मध्येच रद्द होते.
- "सुरक्षित जागा सापडली नाही" हे पुन्हा पुन्हा येतं.
- माणूस पडतो, पण समुद्रात, झाडाच्या शेंड्यावर, गुहेत, नाहीतर थेट वर्ल्ड बॉर्डरच्या (नकाशाच्या हद्दीच्या) बाहेर.
- एकाने आरटीपी मारलं की सगळ्यांचा खेळ अडखळतो आणि कन्सोलमध्ये "कान्ट कीप अप" (सर्व्हर मागे पडतोय) अशी ओळ येते.
- नवा खेळाडू क्षणभर जंगलात दिसतो आणि लगेच स्पॉनला (खेळ सुरू होतो त्या जागी) परत येतो.
- सगळे स्पॉनच्या जवळपासच पडतात.
- जुना खेळाडू दर वेळी नव्यासारखा लांब फेकला जातो, सामान गायब.

हे सगळं माइनक्राफ्ट जावा एडिशन, पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर आणि बेटरआरटीपी किंवा इसेन्शियल्सएक्सची टीपीआर कमांड यांसारखं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्राम) धरून लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

मूळ खेळात सगळे नवे लोक एकाच स्पॉनभोवती उतरतात. सर्व्हर जरा जुना झाला की तिथे तोडायला झाड आणि मारायला गाय उरत नाही. २०१० पासून चालू असलेल्या टूबीटूटी सर्व्हरवर स्पॉनचा भाग इतका उजाड आहे की तिथून जिवंत बाहेर पडणं हाच नव्या माणसाचा पहिला खेळ असतो. आपल्या वीस-पंचवीस पोरांच्या सर्व्हरवर ती हौस कुणाला नसते, म्हणून आल्याआल्या आरटीपी. ओळखीच्यांचे सर्व्हर सांभाळताना हा बिघाड मी इतक्यांदा काढला आहे की माझं मत आता पक्कं झालंय: प्लगइन बहुतेक वेळा निर्दोष असतं. त्याला दिलेला नकाशा तयार नसतो, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नसतात. त्यामुळे प्लगइन काढून दुसरं टाकायची घाई करू नका.

फुकटातल्या तपासण्या

ॲडमिनच्या खात्यावरून कधीच तपासू नका. ओपी (ऑपरेटर) असलेल्या खात्याला जवळजवळ सगळ्या परवानग्या आपोआप मिळतात, त्यामुळे तुम्हाला चाललं याचा अर्थ काहीच होत नाही. साध्या खात्यावरून कमांड द्या. लकपर्म्स हे परवानग्यांचं प्लगइन असेल तर त्या खेळाडूच्या नावावर त्याची व्हर्बोज नोंद चालू करा आणि मग त्याला आरटीपी मारायला सांगा. नेमकी कुठली परवानगी विचारली गेली आणि उत्तर हो आलं की नाही, हे ओळीओळीने दिसतं. इसेन्शियल्सएक्समध्ये ती "इसेन्शियल्स डॉट टीपीआर" असते. अंदाजाने दहा परवानग्या वाटत बसण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आहे.

एकच कमांड दोन प्लगइनांनी बळकावलेली असणं हीसुद्धा नेहमीची भानगड. /आरटीपी आणि /वाइल्ड ही नावं सगळ्यांनाच आवडतात. प्लगइनचं नाव, मग विसर्गासारखं चिन्ह, मग कमांड, अशी पूर्ण कमांड देऊन बघा. तशी चालली आणि नुसती नाही चालली, तर दुसरं प्लगइन मध्ये येतंय.

मोजणी मध्येच रद्द होत असेल तर तक्रार करणारा मोबाइलवरून खेळतोय का ते विचारा. गायझर या प्लगइनमधून येणाऱ्या बेडरॉकवाल्यांचा (मोबाइलवर चालणाऱ्या आवृत्तीच्या खेळाडूंचा) अंगठा स्क्रीनवरच्या बटणावर असतो, जरा हलला की सर्व्हरच्या लेखी माणूस चालला आणि टेलिपोर्ट रद्द. नव्या खेळाडूच्या पहिल्या आरटीपीला थांबण्याची अट ठेवूच नका. ती अट लढाईतून पळणाऱ्यांसाठी असते. आत्ताच आलेला माणूस कुणापासून पळणार?

प्लगइनची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बदलली आणि फरक पडला नाही, तर फाइलमध्ये टॅब पडलाय का बघा. यामल फाइलीत (कॉन्फिगचा नेहमीचा प्रकार) ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. फाइल वाचता आली नाही की बरीच प्लगइनं मूळचे आकडे घेऊन गुपचूप पुढे जातात, आणि तुम्ही तासभर भलतीकडे शोधत बसता. सर्व्हर सुरू होतानाचा लॉग वाचा. आणि बदल केल्यावर सर्व्हर नीट बंद करून चालू करा. नुसत्या /रीलोडवर विसंबू नका, त्याने अर्धं जुनं अर्धं नवं अशी अवस्था होते.

"सुरक्षित जागा सापडली नाही"

हा संदेश आला की मी पहिला प्रश्न विचारतो: खेळाडू आत्ता कुठल्या वर्ल्डमध्ये उभा आहे? लॉबी (आल्यावर थांबायची जागा) वेगळी असेल आणि ती पोकळीत तरंगणारी असेल, तर प्लगइन त्या पोकळीतच जमीन शोधत बसतं. तिथे जमीन नाहीच, मग सापडणार काय? कॉन्फिगमध्ये लॉबीचं नाव बंद यादीत घाला आणि लॉबीतून दिलेली कमांड सर्व्हायव्हल (खरा खेळ चालतो त्या) वर्ल्डकडे वळवा. वर्ल्डचं नाव अक्षरश: फोल्डरच्या नावासारखंच लिहा.

दुसरं कारण बॉर्डर, आणि इथे चांगले चांगले फसतात. वर्ल्डबॉर्डर सेट या कमांडला जो आकडा द्यायचा तो पूर्ण रुंदीचा. म्हणजे १०००० दिले तर मध्यापासून प्रत्येक बाजूला ५००० ब्लॉक मिळतात. आरटीपी प्लगइनमधला कमाल आकडा मात्र बहुधा मध्यापासूनचं अंतर असतो. दोन्हीकडे १०००० लिहिलं की प्लगइन २०००० बाय २०००० च्या चौकोनात जागा निवडतं आणि तुमचा खरा नकाशा त्याच्या एक चतुर्थांश असतो. चारपैकी तीन निवडी बाहेरच्या. चांगलं प्लगइन त्या नाकारतं आणि थकून हात वर करतं. साधं प्लगइन माणसाला तिथेच सोडतं. बाहेर पडलेल्याला सुरुवातीचे ५ ब्लॉक सूट असते, पुढे जितकं लांब तितका मार जास्त. दोन-चार हजार ब्लॉक बाहेर पडलेला माणूस डोळे उघडेपर्यंत मेलेला असतो.

मध्यबिंदूही जुळवा. बॉर्डरचा मध्य मूळचा शून्य-शून्यवर असतो, स्पॉन मात्र तिथून शे-दोनशे ब्लॉक सरकलेला असू शकतो. प्लगइन स्पॉनला मध्य धरत असेल तर एका बाजूची पट्टी बाहेर जाते आणि "कधीतरीच होतं" अशी तक्रार येते. कधीतरीच होणाऱ्या बिघाडात मी हे सगळ्यात आधी बघतो.

समुद्र, शेंडा, गुहा, छत

प्लगइनमध्ये कशावर उतरवायचं नाही याची यादी असते. पाणी, लावा, पानं, निवडुंग, मॅग्मा ब्लॉक हे त्यात असायलाच हवेत. १.१७ पासून पावडर स्नोही आला. दिसायला साधा बर्फ, पण माणूस आत बुडतो आणि गारठून मरतो. जुन्या याद्यांत तो नसतो.

मेख अशी की यादी जुन्या सर्व्हरवरून उचललेली असेल तर तिच्यातली नावंच मेलेली असतात. जुलै २०१८ मध्ये १.१३ आलं तेव्हा ब्लॉकची नावं आणि आकडे मोठ्या प्रमाणावर बदलले. त्याआधी साठलेल्या पाण्याचं नाव वेगळं होतं, आता सगळं पाणी एकच. जुनं नाव प्लगइनला कळत नाही, ते ती ओळ सोडून देतं, आणि माणूस खुशाल समुद्रात. नावं एकेक करून आत्ताच्या आवृत्तीशी ताडून बघा. त्याशिवाय समुद्राचे बायोमच (प्रदेशाचे प्रकार) वगळले तर आणखी चांगलं, कारण मग प्रत्येक निवडीला पाणी आहे का हे बघत बसावं लागत नाही.

गुहेत पडत असतील तर उंचीचे आकडे बघा. नोव्हेंबर २०२१ च्या १.१८ पासून नकाशा उणे ६४ ते ३२० असा झाला, आधी ० ते २५६ होता. उंचीची मर्यादा जुन्या हिशोबाची असेल तर उंच डोंगरावर प्लगइनला वरची मोकळी जागा दिसतच नाही आणि ते डोंगराच्या पोटातली पोकळी पकडतं.

नेदर या खेळातल्या दुसऱ्या जगात "सगळ्यात वरचा ब्लॉक" म्हणजे १२७ उंचीवरचं बेडरॉकचं (न फुटणाऱ्या दगडाचं) छत. माणूस त्याच्यावर जाऊन उभा राहतो, खाली उतरायला वाट नाही. उंचीची मर्यादा १२० च्या आसपास ठेवून हे सुटतं. पण मला विचाराल तर नव्या खेळाडूंसाठी नेदरमध्ये आरटीपी बंदच ठेवा. हातात लाकडी कुऱ्हाडही नसलेल्या माणसाला तिथे पाठवून काय साधायचंय?

सगळा सर्व्हर अडखळतो तेव्हा

ही खरी मोठी तक्रार. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण उपाय करायला वेळ आणि डिस्क दोन्ही लागतात.

सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळाची पावलं) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. व्ह्यू डिस्टन्स (खेळाडूला किती लांबचं दिसतं तो आकडा) मूळचं १० असतं. खेळाडूच्या चारी बाजूंना १० चंक (नकाशाचे १६ बाय १६ ब्लॉकचे तुकडे), म्हणजे ढोबळमानाने २१ बाय २१, एकूण ४४१ चंक. चालणारा माणूस एक चंक पुढे सरकला की नवी २१ चंकची एक ओळ लागते. आरटीपी मारणाऱ्याला सगळे ४४१ एका दमात हवे असतात, आणि ते कुणी कधी पाहिलेले नसल्यामुळे शून्यापासून बनवावे लागतात. पंगतीत एकेक पान वाढत जाणं वेगळं आणि साडेचारशे माणसं एकदम ताटावर बसणं वेगळं. त्यात जुनं प्लगइन असेल तर जागा शोधतानाही प्रत्येक प्रयत्नाला एक चंक मुख्य थ्रेड (सगळा खेळ चालवणारा धागा) अडवून बनवून घेतं. दहा वेळा समुद्र लागला तर दहा वेळा सर्व्हर श्वास रोखतो.

हे प्लगइनमुळे की नकाशामुळे, ते ओळखायची फुकटची युक्ती आहे. खेळातच स्प्रेडप्लेयर्स नावाची कमांड आहे. कन्सोलमधून अशी द्या: स्प्रेडप्लेयर्स ० ० ० ३००० फॉल्स, आणि शेवटी खेळाडूचं नाव. पहिले दोन शून्य म्हणजे मध्य, तिसरा म्हणजे खेळाडूंमधलं किमान अंतर, ३००० म्हणजे कुठपर्यंत फेकायचं. शेजारी एमएसपीटी (एका टिकला लागलेले मिलिसेकंद) कमांड देऊन आकडा बघत राहा. प्लगइनशिवायही तेवढाच अडखळला तर दोष नकाशाचा, आणि प्लगइन बदलून काही होणार नाही. स्प्रेडप्लेयर्सने झटका अगदीच हलका आला आणि प्लगइनने मात्र सर्व्हर लोळला, तर प्लगइनची नवी आवृत्ती घ्या, चंक मुख्य थ्रेडबाहेर आणणारी. इसेन्शियल्सएक्स काही जागा आधीच शोधून साठवून ठेवतं. तसली सोय तुमच्या प्लगइनमध्ये असेल तर चालू करा.

नकाशाचा दोष असेल तर आधी व्ह्यू डिस्टन्स ७ करून बघा. ४४१ चे २२५ होतात, जवळजवळ निम्मं ओझं, खर्च शून्य. जंगलात पडलेल्या नव्या माणसाला तेवढं दिसणं पुरतं. तक्रार करणारे लांबचा डोंगर दिसत नाही म्हणतील, म्हणू द्या.

पक्का उपाय एकच: नकाशा आधीच बनवून ठेवणं. चंकी हे प्लगइन त्यासाठीच आहे. वर्ल्ड निवडा, मध्य द्या, त्रिज्या द्या, स्टार्ट. त्रिज्या देताना आरटीपीच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त द्या. अगदी कडेला, ५००० वर पडलेल्या माणसाला पुढचे १० चंक म्हणजे १६० ब्लॉक दिसतात, बॉर्डरपलीकडचे असले तरी. म्हणून ५२०० द्या. हे शेवटचे दोनशे ब्लॉक सोडले की मग "कडेला गेलं की लॅग येतो" ही नवी तक्रार सुरू होते.

वेळेचा हिशोब आधी करा. मध्यापासून ५००० ब्लॉक म्हणजे चौकोनाची एक बाजू ६२५ चंक, एकूण ३,९०,६२५. चंकी सेकंदाला किती चंक बनवतोय ते कन्सोलमध्ये दाखवतं. ५० चा वेग असेल तर सव्वादोन तासांच्या आत, २० असेल तर साडेपाच तास. रात्री लावून ठेवा, सकाळी कुणी खेळायला आलं तर पॉझ करा, नंतर कंटिन्यू. डिस्कवर काही जीबी जागा मोकळी आहे ना, हेही आधीच बघा, कारण मध्येच डिस्क भरली तर नकाशा बिघडू शकतो, आणि तो बिघाड लॅगपेक्षा फार वाईट.

एक करू नका: ६० सेकंद मुख्य थ्रेड अडकला की सर्व्हर स्वतःला बंद करतो, ती मर्यादा वाढवून ठेवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्याने क्रॅश थांबतो, अडकणं थांबत नाही. खेळाडू मिनिटभराऐवजी तीन मिनिटं गोठलेल्या पडद्याकडे बघतात, एवढाच फरक.

सगळे एकाच भागात पडतात, किंवा कुणी कुणाला भेटतच नाही

ही दोन्ही एकाच आकड्याची दोन टोकं. गोल आकारात जागा निवडताना काही प्लगइनं आधी अंतर यादृच्छिक घेतात आणि मग दिशा. वरवर बरोबर वाटतं, पण त्यात निम्मे लोक निम्म्या त्रिज्येच्या आत पडतात, आणि निम्म्या त्रिज्येच्या आतलं क्षेत्रफळ असतं फक्त एक चतुर्थांश. म्हणजे मध्याजवळ दाटी ठरलेली. चौकोन आकार निवडला की हा प्रश्न मिटतो. किमान अंतरही द्या, ५०० तरी, म्हणजे स्पॉनच्या उजाड पट्ट्यात कुणी पडत नाही.

दुसरं टोक म्हणजे छोट्या सर्व्हरवर मोठा आकडा. पाच हजार ब्लॉक साध्या चालीने चालायला १९ मिनिटं लागतात, तेही वाटेत डोंगर-पाणी नसेल तर. दहा जणांना असं विखरून टाकलं की तीन दिवस कुणाला कुणी दिसत नाही आणि चौथ्या दिवशी सर्व्हर रिकामा. हा तांत्रिक बिघाड नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या "लोक टिकत नाहीत" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. दहा-पंधरा जणांना १५०० ते २००० पुरे. नकाशाही मग तासाभरात तयार होतो.

मेल्यावर नवा खेळाडू स्पॉनला परत येतो, आरटीपीच्या जागी नाही. यालाही लोक बिघाड म्हणतात. बिछाना लावलेला नसेल तर खेळ तसंच करतो. पहिल्या आरटीपीनंतर स्पॉनपॉइंट कमांड आपोआप चालेल अशी सोय करा, काम झालं.

क्षणभर जंगल, मग पुन्हा स्पॉन

दोन प्लगइनं एकाच वेळी माणसाला ओढतायत. आरटीपी त्याला जंगलात नेतं, आणि इसेन्शियल्सएक्स स्पॉनसारखं प्लगइन "हा नवा आहे, याला नव्यांच्या स्पॉनवर न्या" म्हणून परत आणतं. नव्यांसाठीची जागा एकाच ठिकाणी ठरवा, दुसरीकडून काढा. काढता येत नसेल तर पहिल्या आरटीपीला एक-दोन सेकंदांचा उशीर द्या. उतरल्यावरही काही सेकंद इजा होऊ नये अशी सोय ठेवा. नेट हळू असलेल्याकडे चंक उशिरा पोचतात. जमीन दिसायच्या आधी झोंबी पोचलेला असतो.

जुना माणूस दर वेळी नवा

इथून पुढे काम अवघड. सर्व्हर माणसाला नावाने नाही, यूयूआयडी या लांब ओळख-क्रमांकाने ओळखतो. वर्ल्डमधलं प्लेयरडेटा फोल्डर उघडा. प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे एक यूयूआयडी. तिसऱ्या गटाचा पहिला आकडा बघा: ४ असेल तर खरं खातं, ३ असेल तर नावावरून बनवलेली ऑफलाइन ओळख. फ्लडगेट या गायझरच्या जोडीच्या प्लगइनमधून आलेले बेडरॉकवाले शून्यांच्या लांब रांगेने ओळखू येतात. एकाच माणसाच्या ४ वाली आणि ३ वाली अशा दोन फाइली दिसल्या, तर व्हेलॉसिटी किंवा बंजीकॉर्ड या प्रॉक्सीकडून (सर्व्हरच्या पुढच्या दरवाज्याकडून) खरी ओळख आतल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये.

व्हेलॉसिटीत फॉरवर्डिंग (ओळख आत पाठवायची पद्धत) मॉडर्न हवं, पेपरच्या ग्लोबल फाइलीत व्हेलॉसिटी चालू हवं, आणि दोन्हीकडचं गुपित अक्षर न् अक्षर तेच हवं. एवढं बघा. जुळवलं आणि सुटलं तर उत्तम.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फॉरवर्डिंग जुळवूनही सुटलं नाही तर ऑनलाइन मोड (खातं खरं आहे का तपासणारी सेटिंग) उलटसुलट करून प्रयोग करू नका. आतला सर्व्हर ऑफलाइन मोडमध्ये आणि बाहेरून उघडा राहिला तर कुणीही तुमचं नाव घेऊन ओपी म्हणून आत येऊ शकतो. फायरवॉल आणि प्रॉक्सी समजणारा माणूस गाठा, पैसे द्यावे लागले तरी द्या.

लॉगमध्ये रीजन फाइल वाचता येत नाही अशा ओळी दिसल्या, किंवा तयार जागा चौकोनी तुकड्यात नव्याने बनलेली दिसली, तर सर्व्हर त्याच क्षणी बंद करा. वर्ल्डचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा आणि हात लावू नका. एका रीजन फाइलीत ३२ बाय ३२ चंक असतात, एक चुकीची फाइल पुसली की ५१२ बाय ५१२ ब्लॉकमधली सगळ्यांची घरं गेली.

नकाशा पूर्ण बनवलाय, व्ह्यू डिस्टन्स कमी आहे, प्लगइन नवं आहे, तरी आरटीपीला एमएसपीटी ५० च्या वर जातोय, तर बहुधा यंत्रच पुरत नाहीये. होस्टिंगवाले रॅमचा आकडा मोठा दाखवतात. इथे प्रोसेसर आणि डिस्क लागते. होस्टिंगच्या सपोर्टला लिहा. पेपर १.२१ पासून स्पार्क (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) आतच येतं. प्रोफायलर चालू ठेवून चार-पाच आरटीपी मारा आणि जो अहवाल मिळेल तो जोडा. सोबत पेपर आणि प्लगइनची आवृत्ती, आरटीपीची कॉन्फिग, वर्ल्डबॉर्डर गेटचं उत्तर आणि अडकला त्या वेळचा लॉग. एवढं दिलं की समोरच्याला उलटे प्रश्न विचारावे लागत नाहीत. फक्त लॉग पाठवण्याआधी त्यातले खेळाडूंचे आयपी पत्ते आणि कॉन्फिगमधलं फॉरवर्डिंगचं गुपित पुसून टाका.